रडायचं असेल तर खाचरात या

भाऊबीजेच्या सकाळी आमच्या खाचराच्या बांधाला एक टेम्पो येऊन थांबला. मागून पाच बायका उतरल्या, पदर आधीच डोळ्यांना लावलेले… मी कमरेला पदर खोचून भात कापत होते.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या बाजूला घरातलं माणूस गेलं की वर्षभर प्रत्येक पहिल्या सणाला पाहुण्या बायका रडायला येतात. गळ्यात पडतात, हेल काढून रडतात, चहा घेतात आणि जातात. हेतू चांगला असतो हो… त्या घरच्या बाईनं एकटीनं सण काढू नये म्हणून.

माझा नवरा ज्येष्ठात गेला. सकाळी डेअरीला दूध घालून आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि भोरला पोचायच्या आत सगळं संपलं. मग नागपंचमीला टेम्पो आला. गणपतीत आला, दसऱ्याला आला… मी जरा कुठं सावरायला लागले, शिवणाचं दुकान उघडायला लागले, की सण यायचा आणि मला पुन्हा आडवं करून जायचा.

आणि हो, मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते. कापूरहोळला गाडी बदलून, पुण्याला. रोज एक गोळी घेते. ‘येड लागलंय’ म्हणून मागून बोलणाऱ्यांना नमस्कार, जरा पुढून बोला. तुम्ही शुगरची गोळी चारचौघांत घेता, मग मी माझी का लपवू?

डॉक्टरबाईंनी सांगितलंय, ज्या कामानं झोप लागते ते काम सोडू नका. मला कापणीनं झोप लागते. गावात लगेच चर्चा, वर्ष सरलं नाही आणि ही खाचरात कशी… दिवाळीत कापणीला माणूस मिळत नाही, परतीचा पाऊस आला तर उभं भात लोळेल, हे मात्र कुणी बोलत नाही.

तर टेम्पो. सगळ्यांत पुढे आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, उत्रोलीला दिलेल्या. सोबत त्यांची जाऊ आणि भावकीतल्या तिघी. सगळ्यांत मोठा हेल नेहमी वन्संचाच. दसऱ्याला त्यांनी मला धरून असं गदागदा हलवलं होतं की माझी मान धरली होती. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा.

वन्सं हात पसरून बांधावरून उतरायला लागल्या. मी विळा खाली ठेवला नाही.

“वन्सं, आज म्या घरी येणार न्हाई. रडायचं आसंल तर हितं खाचरात या, पन हात चालू ठिवून रडा.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जाऊबाईंची साडी नवी होती, त्या मागच्या मागे टेम्पोकडे वळल्या, बाकीच्या तिघी त्यांच्या पाठोपाठ. आता वन्सं दोन टोमणे मारून जाणार असं मी धरूनच चालले होते. त्यांनी चपला काढल्या, बांधावरचा दुसरा विळा उचलला आणि माझ्या शेजारी कापायला लागल्या.

हात काय चालत होता बाईचा… मग खाचराच्या मध्यावर विळा थांबला. वन्सं खाली बसल्या आणि रडायला लागल्या, पण या वेळी आवाजच नव्हता. असं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले.

“तुला वरीसभर तरी रडाय दिलंय, मंगल. मला तीनच दिस हुते.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न झालेल्या लेकीला माहेरचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी वन्सं सासरी गॅसपुढे उभ्या. त्यानंतर तिकडे सगळे सण झाले, त्यांनी गौरी सजवल्या, पोळ्या लाटल्या. डोळ्यांत पाणी आलं की घरातले म्हणायचे, सणासुदीचं रडू नये. मोठ्यानं रडायला त्यांना आमचं घर तेवढं होतं. म्हणून त्या सणाची वाट बघायच्या. आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या नणंदा भाऊबीजेला येणार होत्या… त्यांची ओवाळणीची ताटं वन्संनीच करायची होती.

त्यांच्या सासरच्यांच्या नावानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथं एकाच माणसापायी दोघींचं जळत होतं, आणि मला आपलं माझंच दिसत होतं.

तेवढ्यात जाऊबाईंनी बांधावरून हाक मारली, चला, उशीर होतोय. मी उभी राहिले आणि सांगितलं, वन्सं आज माहेरी राहणार. घरी काय सांगू म्हणाल्या. बरं नाही म्हणून सांगा. चांगल्या धडधाकट तर आहेत, म्हणाल्या. मी म्हटलं, ताप आला तरच माणूस आजारी असतं का? टेम्पो चौघींनाच घेऊन गेला.

दिवस मावळायच्या आत आम्ही खाचर उरकलं. मध्येच रडलो. मध्येच वन्संनी त्यांच्या भावाची गंमत सांगितली… शाळा चुकवायला म्हणून भाताच्या उडवीत, म्हणजे रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगात, लपला आणि तिथंच झोपला, आणि सगळं गाव त्याला विहिरीत शोधत होतं. दुखवट्यातल्या दोन बायका भर खाचरात खिदळत होत्या. ज्यांना बघायचं त्यांनी पोटभर बघितलं असेल.

आज सकाळी उत्रोलीहून वन्संच्या थोरल्या दिरांचा फोन आला, कधी पाठवताय म्हणून. मी म्हटलं, त्यांचा भाऊ गेलाय, येतील सवडीनं.

“आगं, त्याला लई दिस झालं की आता.”

“तुमाला झालं आसतील,” म्हटलं आणि फोन ठेवला.

वन्सं आत गाढ झोपल्यात. मी त्यांना उठवणार नाही.