श्यामलाबाईंनी तपासलेलं पुस्तक

कोथरूडात एका सोसायटीच्या तळमजल्यावर ब्रेल पुस्तकांचा छोटा छापखाना आहे. तिथे श्यामला बेनकर बावीस वर्षं पुस्तकं तपासताहेत. तपासतात म्हणजे बोटांनी वाचतात; डोळ्यांशी त्यांचं जन्मापासूनच काही देणंघेणं नाही. राहायला धायरीत, भावाकडे. बाईंना खोड एकच, चौकशीची. बस आज दुसऱ्या रस्त्यानं का वळली, हे कंडक्टरला विचारल्याशिवाय त्या खाली उतरायच्या नाहीत. कंडक्टर वैतागायचा, पण सांगायचा.

त्या उन्हाळ्यात भूगोलाचं पुस्तक काढलं. शंभर प्रती करायच्या होत्या. आधी एक कच्ची प्रत निघाली. बाईंनी ती चार दिवस वाचली आणि कुठला धडा कितव्या पानावर, ते स्वतः सांगून अनुक्रमणिका लिहून घेतली. मग संगणकावर बसणाऱ्या अपेक्षानं सोमवारी चाळीस प्रती छापल्या आणि त्या एका अंधशाळेत गेल्या.

आठवड्यात शाळेतून फोन. अनुक्रमणिका म्हणते बेचाळिसावं पान, धडा निघतो चव्वेचाळिसाव्यावर. शेवटचा तर सहा पानं पुढे. डोळस माणूस सहा पानं फर्रकन उलटतो. पोरांना ती चाचपत जावी लागतात.

छापखान्याचे प्रमुख रावसाहेब. आवाज कधी चढवायचे नाहीत, तेवढीच काय ती सोय. म्हणाले, "श्यामलाबाई, बोटं थकली असतील तर सांगा. आम्ही आपला सत्कार करू." आणि जाता जाता सांगून गेले की जूनपासून तपासणी मशीनवरच करावी असं त्यांच्या मनात आहे. म्हणजे बाईंनी घरी बसायचं.

दुसरी एखादी रडली असती. बाईंना मात्र प्रश्न पडला: बोटं चुकली तर दोन-चार ठिकाणी चुकतील, ओळीनं वाढत कशी जातील? त्यांनी कपाटातून कच्ची प्रत काढली, शेजारी छापील पुस्तक ठेवलं आणि दोन्हींच्या ओळी मोजल्या. कच्च्या प्रतीत पानाचा आकडा पहिल्या ओळीतच, मजकुराच्या टोकाला होता. छापील पुस्तकात त्याला अख्खी ओळ दिलेली. दर पानाला एक ओळ मजकूर पुढे ढकलला गेला होता.

अपेक्षा यवतमाळची पोरगी, कामाला चोख. ती गोंधळली. तिनं काहीच बदललं नव्हतं. मजकुराचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं, त्याची 'स्टेबल' म्हणून एक शाखा, म्हणजे चालू आवृत्ती, असते, भरवशाची. रोज सकाळी ती ताजी उतरवून घ्यायची, असंच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"मग सोमवारी घेतलंस ते कधीचं होतं?"

"ताई, स्टेबलला कधीचं नसतं. ते स्टेबल असतं."

बाईंना हे उत्तर फार आवडलं, म्हणजे त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. ते सॉफ्टवेअर कोण करतं, विचारलं. परदेशातलं कोणी असेल असं दोघींनाही वाटत होतं. निघाला सुखदेव पोकळे, धायरीचाच, बाईंच्या घरापासून दोन स्टॉपवर राहणारा. कंपनीतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे काम करायचा. रविवारी बाईंनी त्याला घरीच बोलावलं, चहा दिला आणि दोन्ही पुस्तकं मांडीवर ठेवली.

त्याला लगेच उमगलं. पानाच्या आकड्याला वेगळी ओळ द्या, म्हणून नागपूरहून मागणी होती. महिनाभर तपासून त्यानं तो बदल छपाईच्या सोमवारआधीच्या गुरुवारी स्टेबलमध्ये घातला होता. मोडलं तर काहीच नव्हतं, उलट सुधारलं होतं. मग बाईंनी विचारलं की एखाद्या दिवशीच्या सॉफ्टवेअरवर आकडा घालून ते बाजूला का ठेवत नाही? सुखदेव हसला. त्याला 'टॅग' म्हणतात म्हणाला. एकदा खूण केली की ती हलत नाही. पण त्याला टॅगचा कंटाळा होता. लोक त्या आकड्याला चिकटून बसतात आणि त्यानं केव्हाच दुरुस्त केलेल्या चुकांसाठी तीन-तीन वर्षं फोन करतात.

"सुखदेव, तुझं स्टेबल म्हणजे घरचं विरजण हाय," बाई म्हणाल्या. घरी त्यांची भाषा गावची. "नाव तेच, दही रोज नवं. खाणाऱ्याचं काही बिघडत न्हाई. पण मी चाखलं त्याच्यावर सही केली, अन् पंगतीत वाढलं दुसरंच."

सुखदेवनं कप खाली ठेवला. जुनं सगळं नोंदलेलं असतं. ज्यावर चाळीस प्रती निघाल्या, त्यावर तो खूण करून देणार होता. उरलेल्या साठ प्रतीही त्यावरच काढल्या, की शंभरांची पानं सारखी. पण त्यानं आधीच बजावलं, की त्यात तक्त्यांचे रकाने सरकतात, या भूगोलातल्या पावसाच्या तक्त्याचेही. ती दुरुस्ती त्यानं कालच स्टेबलमध्ये घातली होती. टॅग धरला, तर तो दोषही धरून बसावं लागणार.

बाईंनी ते पान चाचपलं. तक्ता कच्च्या प्रतीतही वाकडा होता, त्यांच्या बोटांना तो ठाऊक होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चूक ओळखीची असली की पोरांना आधी सांगता येती."

सोमवारपासून त्यांनी छापील पुस्तक पहिल्यापासून वाचलं, अनुक्रमणिका नव्यानं सांगितली, आणि तक्ता कसा वाचायचा याची एक चिठ्ठी करून घेतली. शाळेला दोन्ही गेलं, आणि उरलेल्या साठ प्रती खुणेच्या सॉफ्टवेअरवर निघाल्या. मग कच्ची आणि छापील अशा दोन्ही प्रती रावसाहेबांच्या टेबलावर ठेवून त्यांना ओळी मोजायला लावल्या, सुखदेवच्या खुणेचंही सांगितलं. त्यांनी डोळ्यांनी मोजल्या, दोनदा. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी जूनचा विषय काढला नाही, फक्त विचारलं, "मग या सॉफ्टवेअरची पुढची खूण आपण कधी घ्यायची?"

"मी वाचून झाल्यावर, साहेब."

"लिहून घ्या," रावसाहेब अपेक्षाला म्हणाले, आणि छापखान्यात तो नियम झाला.

जेवणाच्या सुट्टीत मात्र बाईंना राहवेना. त्यांनी अपेक्षाला आजच्या स्टेबलवर तेवढं तक्त्याचं एक पान काढायला लावलं. रत्नागिरीपासून सोलापूरपर्यंत बोट सरळ खाली उतरलं, कुठे अडखळलं नाही.

"पोरानं बरं केलंय," त्या म्हणाल्या, आणि ते पान पुढच्या पुस्तकासाठी कपाटात ठेवलं.