कानिफनाथची चप्पल आणि जावयाचे बूट

कानिफनाथविषयी कुणा चांगल्या लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. पण त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर रोज मीच बसायचो, म्हणून हे माझ्याकडे आलं.

भिंगारच्या बाजारात त्याचं पंक्चरचं दुकान. हवा मोजायचं मीटर होतं त्याच्याकडे. पण एका खंडेनवमीला त्याने ते पूजेत ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर नारळाचं पाणी सोडलं. तेव्हापासून काटा बत्तिसावर चिकटला. चाक घट्ट असो की बसलेलं, बत्तीसच. मग तो टायरला लाथ मारून हवा ओळखू लागला. पायात टायरच्याच तळाची चप्पल. "भाऊबंद हायेत, एकमेकांचं खरं सांगत्यात," म्हणायचा. बहुतेकदा बरोबर निघायचं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीला जावई प्रवीण आला. सासऱ्यासाठी जाड तळाचे बूट आणले आणि मुक्कामभर दुकानातल्या स्टुलावरच बसला. कानिफनाथच्या बायकोने, कडूबाईने, चप्पल कॉटखाली ढकलून बजावलं, "जावई जाईस्तोवर बूट काढले तर बघा. लेक त्येंच्या घरात नांदायचीय."

दुसऱ्या दिवशी काकासाहेब राहुरीला प्रवासी नेणारी आपली जीप घेऊन आला. रोजचं असं हे एकच गिऱ्हाईक. बुटाने लाथ मारली, तर चाक मऊ लागलं. कानिफनाथने हवा भरली. पुन्हा लाथ, पुन्हा मऊ. चारही चाकं अशीच फुगवली.

संध्याकाळी अंडी विकणारी बायडाबाई जीपमधून उतरली, लुगड्यावर पिवळे डाग घेऊन.

"कानिफनाथ, ही जीप हाय का बेडूक? डोकं टपाला आन् अंडी मांडीवर!"

काकासाहेब कानिफनाथला म्हणाला, "नाना, उद्या परत असं झालं तर मी पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात जाणार. त्याचं मीटर चालू हाय."

सकाळी जीप दारात, जावई स्टुलावर. कानिफनाथने बुटांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेपरात तोंड घातलं. तेवढ्यात कडूबाई चप्पल हातात घेऊन तरातरा बाहेर आली. प्रवीण उठून उभाच राहिला.

"मामी, माझं काही चुकलं का?"

"तुमचं न्हाई बापू, टायरचं."

कानिफनाथने चप्पल हातात घातली, गुडघे टेकले आणि चाकाला फटका हाणला. हाताला काही कळेना. मग त्याला स्टेपनी आठवली. तिला काल कुणी हात लावला नव्हता. एक फटका स्टेपनीला, एक चाकाला, थोडी हवा सोड, पुन्हा स्टेपनीला. रस्त्याने जाणाऱ्या एका शिपायाने विचारलं, "का मारतोय जीपला?"

"ऐकत न्हाई," काकासाहेब म्हणाला.

बायडाबाई पुढे बसली, तळहातावर एक अंडं धरून. "हे फुटलं, तर बाकीची तुझ्या बुटात फोडीन."

जीप गेली. कानिफनाथ दिवसभर रस्त्याकडे बघत राहिला. संध्याकाळी बायडाबाईने ते अंडं आणून त्याच्या हातावर ठेवलं, आणि काकासाहेबाने दुसऱ्या दिवसासाठी जीप दुकानासमोर लावली.

प्रवीण हळूच म्हणाला, "मामा, बूट आवडले नाहीत का?"

"आवडले म्हंजे? म्हणून तर टायरला लावत न्हाई."

अंडं कडूबाईने जावयालाच तळून घातलं.