हर्षदाची निळी वायर

पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये नेटवर्क सांभाळायला आली, तेव्हाच हर्षदाने एक हट्ट धरला होता. मिलमधले संगणक, हजेरीचं यंत्र, रंगाच्या यंत्रांचे पडदे, या सगळ्यांची ये-जा स्विचच्या पेट्यांमधून होई. त्या पेट्यांना हुकूम देण्याची वाट तिने या गर्दीतून काढून वेगळी केली. प्रत्येक पेटीपासून तिच्या टेबलापर्यंत एक निळी वायर, तिच्यावरून दुसरं काही जायचं नाही. बाहेर कितीही कोंडी झाली तरी आपल्याला आत पोहोचता आलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

मॅनेजर योगराजभाऊंना ते कधी पटलं नाही. अमळनेरहून येऊन आधी लूमवर, कापड विणायच्या मागावर, उभा राहिलेला माणूस. थांबलेला लूम दिसला की त्यांना चैन पडत नसे. दिवसभर जिच्यातून काही जात नाही अशी वायर त्यांना फुकटचा पगार खाणारी वाटे.

"खाली वायर काय दूध देस का, बहिन?" ते चारचौघांत विचारत आणि लोक हसत. हर्षदा जवळच्याच नवागामची, अहिराणी तिच्याही घरची. म्हणून ते हसू जास्तच झोंबे.

ती भावाच्या लग्नाला गेली आणि मागे त्यांनी निळ्या वायरी नव्या कॅमेऱ्यांना देऊन टाकल्या. परतल्यावर ती तडक मिलच्या मालकांकडे, सेठकडे गेली. सेठ म्हणाले, सगळं चालतंय ना, मग चालू दे.

मग एका दुपारी कुणीतरी लोंबणारी वायर नीट दिसावी म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच पेटीत खोचली. तीच ती माहिती गोल गोल फिरत राहिली आणि अख्खं नेटवर्क तुंबलं. टेबलावरून एकही पेटी हर्षदाला ओ देईना. वाफेने भरलेल्या खात्यातून ती पेटी-पेटी उघडत पळाली. चुकलेलं टोक सापडेपर्यंत रंगाच्या यंत्रांना थांबण्याचा हुकूम पोहोचलाच नव्हता. पोपटी निघायचं कापड शेवाळी निघालं.

सेठच्या केबिनमध्ये योगराजभाऊ समजूतदारपणे म्हणाले, पोर लहान आहे, चुकली, माफी मागेल, नोकरीवरून काढू नका. त्या समजूतदारपणानेच तिचं डोकं भणाणलं.

"भाऊ, आत जायचा रस्ता तुम्ही बंद केलात आणि मी आत का पोहोचले नाही म्हणून माफी मागू? नाही मागणार. सेठ, काढायचं तर काढा. ठेवायचं असेल तर माझ्या वायरी परत द्या."

सेठनी एकदा योगराजभाऊंकडे पाहिलं. मग त्यांनी हात झटकला: घेऊन टाक. चूक कुणाची, हा विषय त्यांनी तिथेच मिटवला. भाऊंनी शिडी आणली.

हर्षदा स्वतः शिडीवर चढली. रागारागाने प्लगची खिट्टी दाबून ती कॅमेऱ्यांतून एकेक निळी वायर ओढू लागली. केबिनमधल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यावर एकेक चौकोन काळा होत गेला. खाली शिडी धरून उभे असलेले योगराजभाऊ हळूच म्हणाले, निदान गेटचा कॅमेरा तरी राहू दे.

"त्याला त्याची वायर आणा," ती म्हणाली आणि तोही काढला.