मिठाची ओळ

उरणकडच्या आमच्या गावात लग्नाला भटजी असतो, पण आमच्या बायकांच्या लेखी लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते आणि मागे बसलेल्या बायका तिची ओळ उचलून पुन्हा म्हणतात. माझी आत्या धवलारीण. लहानपणी तिच्या मागे बसून ओळी उचलता उचलताच मला कवितेचा नाद लागला. हे मी चारचौघांत सांगते, तिला मात्र सांगत नाही. आधीच ती काय कमी भाव खाते?

माझी पहिली कविता दिवाळी अंकात छापून आली, तेव्हा धावत जाऊन तिला वाचून दाखवली. मिठागरवाल्याच्या लेकीची होती: बापाच्या आगरात पिकलेलं मीठ परक्याच्या कालवणात विरघळतं. आत्यानं पानाला चुना लावत ऐकलं आणि निकाल दिला, "यमक नाय, चाल नाय. डीजेवाला पन यापरीस बरा."

मी फणकाऱ्यानं घरी आले. आणि त्याच हंगामात, शेजारच्या हळदीत, आत्या खुशाल गात होती: "बापाचे आगरान पिकलां मीठ, परक्याचे कालवनान इरलां नीट." यमक तिचं, चाल तिची, मीठ माझं! मी इतकी हरखले की भांडायचंच राहून गेलं. पुढच्या हंगामापर्यंत ती ओळ गावोगावच्या मांडवात पोचली.

मग तालुक्याला कविसंमेलन झालं. मी ऐटीत तीच कविता वाचली. दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उभी राहिली. "ये बाय, ह्यां तं आमच्या धवल्यातलां हाय!"

"आजी, मी लिहिलंय ते."

"तू? माज्या लग्नान गायलवतां!"

सभागृह खो खो हसलं. मी पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याकडे बघितलं. माझी एकुलती एक साक्षीदार. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जुनां हाय. माज्या आयशीच्या तोंडचां."

परतताना रिक्षात मी तिच्यावर तुटून पडले. "धडधडीत खोटं बोललीस, आते!"

"धवला देवाचा असतो, गो. कोनी लिवलाय म्हनून सांगितला, तं उंद्या बाया गातील?"

एवढं बोलून ती कंटेनरच्या रांगा बघत बसली. मला खरंच रडू येत होतं. लोक गेले उडत. ही ओळ तुझी आहे, एवढं मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात भाचीची हळद होती. नवरी सकाळपासून रील काढण्यात गुंग. आत्यानं मिठाची ओळ घेतली, तशी भाचीनं मोबाइल खाली ठेवला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. आता ती ओळ मागच्या बायकांनी उचलायची होती, आणि मागे सगळ्यांत पुढे मीच बसले होते. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. गाणं थांबलं. आत्या मान वळवून माझ्या कानाशी आली.

"धर गो. तुजीच हाय ती," असं पुटपुटली आणि मी सूर लावायच्या आत पुढच्या ओळीला लागलीसुद्धा.