बुधवारचा वजनकाटा

किस्से हे घरातल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे असतात. पुढच्या वेळी मिक्श्चर घ्यायला लागेल म्हणून एकेक धुऊन फळीवर ठेवतो, आणि एक दिवस फळी वाकते. माझी फळी वाकली ती सरकारी इस्पितळातल्या मुलांच्या आउटडोअरच्या बाकावर. दर बुधवारी दोन-अडीच तास तिथे बसायचं. दुसरं करायला काही नव्हतंच. काळजी करायची, आणि ती करता करता कान उघडे ठेवायचे.

आमच्या शहरातून राजधानी मुंबईला जायच्या आधीची गोष्ट. यजमान सचिवालयात होते. आमची वासंती सहा महिन्यांची, आणि तिचं वजन साडेअकरा पौंडांवर अडलेलं. मी बी.ए., तत्त्वज्ञान घेऊन. त्याचा वजन वाढवायला काही उपयोग नसतो, हे मला पहिल्याच बुधवारी कळलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "दर आठवड्याला वजन करा. महिन्याभरात वाढलं नाही तर वॉर्डात भरती." वॉर्डात आईला राहू देत नसत. संध्याकाळी एक तास भेट, तीही जाळीच्या दारातून. मी बाहेर आले आणि रडले. एक जाडजूड नर्स म्हणाली, "इथं रडू नका बाई. लेकरं बिघडतात."

या साळवे सिस्टर. उमरेडकडच्या. आउटडोअर डॉक्टरसाहेबांच्या नावाचं होतं, चालवीत होत्या त्या.

*

डॉक्टरसाहेबांना वर बघायची सवय नव्हती. केसपेपरवर मान घालून बोलायचे, मान घालूनच लिहायचे. एकदा एक कोष्टीण तान्हं लेकरू मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसली. साहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, "जीभ दाखव."

बाई बिचारी आज्ञाधारक. तिने स्वतःची जीभ काढली.

साहेबांनी कधी नव्हे ती मान वर केली, जीभ नीट पाहिली आणि लिहिलं, अशक्तपणा, टॉनिक, दिवसातून तीनदा.

सिस्टर मागून शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पेशंट मांडीवर आहे."

साहेबांनी कागद खोडला नाही. म्हणाले, "दोघांनाही चालेल."

*

सचिवालयातल्या एका बड्या साहेबांची बायको मोटारीतून यायची. बाकावर बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं. बाळाला घेऊन ती मोटारीत बसे आणि लाल पट्टेवाला चपराशी केसपेपर धरून आमच्या रांगेत उभा राही. रांगेतल्या बायका पदराआड पुटपुटत, पण पट्ट्याला कोण बोलणार? मीही बोलले नाही. यजमानांच्या बढतीचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होता.

चपराशाचा नंबर आला. सिस्टरनी त्याला स्टुलावर बसवलं आणि तो काही बोलायच्या आत त्याच्या तोंडात थर्मामीटर घातलं. दोन मिनिटं तो मिशा सावरत गप्प बसला. मग सिस्टरनी थर्मामीटर उजेडात धरलं, केसपेपरवर आकडा लिहिला आणि कागद त्याच्या हाती दिला.

"बाईसाहेबांले सांगा, बाळाले ताप नाही. फक्त तंबाखू कमी करायले पाहिजे."

पुढच्या बुधवारी बाईसाहेब बाकावर होत्या. माझ्याच शेजारी. रुमाल अंथरून.

*

आउटडोअरचा खरा देव वजनकाटा. पितळी ताट, त्यात मऊ फ्लॅनेलचा तुकडा, बाजूला सरकणारं वजन. गावाकडून येणाऱ्या आज्या त्याला फार भीत. लेकरू तोललं की त्याला नजर लागते आणि ते वाळतं, अशी त्यांची पक्की समजूत. मी आपली मनात हसायची.

खापा गावची एक आजी नातवाला घेऊन आली. आठवड्यात नातू पाऊण पौंड वाढलेला. साहेब खूश. सिस्टर मात्र खूश दिसल्या नाहीत. त्यांनी दुपट्यात हात घातला आणि हा एवढा अडकित्ता बाहेर काढला.

आजी म्हणाली, "असू द्या जी सिस्टरबाई. लोखंड जवळ असलं का नजर लागत नाही."

सिस्टरनी नातू तोलला, मग अडकित्ता तोलला, दोन्ही आकडे केसपेपरवर लिहिले. म्हणाल्या, "आजी, नातू दोन औंस उतरला. अडकित्त्याची तब्येत ठणठणीत आहे."

सगळा बाक हसला. सर्वांत मोठ्याने मी हसले. सुशिक्षित माणसाला असं हसण्याची संधी रोज कुठे मिळते?

पुढचा नंबर माझा. सिस्टरनी वासंतीच्या दुपट्यात हात घातला आणि एक लोखंडी कुलूप बाहेर काढलं. कॉलेजात असताना होस्टेलवर मी माझ्या ट्रंकेला लावत असे, ते.

"सासूबाई का?" सिस्टरनी विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली. सासूबाई त्या आठवड्यात वर्ध्याला गेल्या होत्या.

*

डिसेंबरातली सकाळ. डॉक्टरसाहेबांनी पाच विद्यार्थी आणले होते. एका काळ्यासावळ्या गुटगुटीत मुलाची छाती तपासायची होती. पहिल्याने स्टेथोस्कोप लावला, पोर किंचाळलं. दुसऱ्याने लावला, पुन्हा किंचाळलं. पाचही जणांनी किंचाळ्या ऐकून वहीत काहीबाही टिपलं. एकाला न्यूमोनिया दिसला, एकाला दमा. तिसऱ्याने तर हृदयाचा दोष लिहिला. पोराची आई पांढरीफटक पडली.

सिस्टरनी स्टेथोस्कोप घेतला, त्याची चकती दोन्ही तळव्यांत धरली आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मिनिटभराने ती पोराच्या छातीवर ठेवली. पोर त्यांच्या बिल्ल्याशी खेळू लागलं.

"आता ऐका," सिस्टर म्हणाल्या. पाचांनी ऐकलं. छाती स्वच्छ होती.

न्यूमोनियावाला वही उघडून म्हणाला, "सिस्टर, किती वेळ गरम करायचं?"

"सकाळी उठल्यावर आपल्या पोटाले लावून पाहा. तुमचं ओरडणं थांबलं का झालं समजा."

त्याने ते लिहून घेतलं.

*

तिसऱ्या बुधवारी वासंती साडेअकरावरच होती. सासूबाई वर्ध्याहून परतल्या होत्या आणि जातीने बरोबर आल्या होत्या. यजमानही अर्धी रजा काढून आलेले. सासूबाईंनी भर आउटडोअरमध्ये निदान सांगून टाकलं, "पुस्तकं वाचणाऱ्या बायकांचं दूध आटतं. आम्हाला अक्षरओळख नव्हती, म्हणून मुलं जगली."

मी खाली बघितलं. मला ते थोडंसं खरंही वाटत होतं.

सिस्टरनी यजमानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमचे यजमान म्हणजे छत्रीच्या काडीला घातलेला कोट.

"हे तुमचेच का, आजी?"

"हो तर. एकुलता एक."

"तुम्हाले तर वाचता येत नाही म्हणता. मग हे असे काहून राहिले?"

यजमान त्यानंतर आउटडोअरला आले नाहीत.

पण विनोद झाला म्हणून काटा हलत नाही. साहेबांनी त्या दिवशी टॉनिक लिहून दिलं आणि केसपेपरवर लाल शाईने खूण केली. पुढचा बुधवार शेवटचा.

*

त्या दिवशी सासूबाई आणि यजमान पुढे गेले, मला सिस्टरनी थांबवून घेतलं. ड्रेसिंगच्या खोलीत पडद्याआड एका स्टुलावर बसवलं. "काही करू नका. नुसत्या बसा. मले तुमच्याकडे पाहायचं आहे." आणि त्या पट्ट्या गुंडाळत बसल्या.

थोड्या वेळाने वासंती कुरकुरली. मग मूठ चोखू लागली. मग रडायला लागली. मी तिला थोपटलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"काय पाहून राहिल्या?"

"अजून पस्तीस मिनिटं आहेत."

"कशाले?"

"दुधाला." मग मी त्यांना समजावून सांगितलं. माझ्याकडे विलायतेहून आलेलं पुस्तक होतं. बाळाला चार तासांनीच पाजावं, मध्ये रडलं तर रडू द्यावं, त्याने फुप्फुसं बळकट होतात आणि स्वभावाला वळण लागतं, असं त्यात छापलेलं होतं. मी एक मिनिटही चुकत नव्हते. वासंती रडायची तेव्हा मी दाराबाहेर उभी राहून रडायची, पण चुकत नव्हते.

सिस्टरनी पट्टी खाली ठेवली. "आणि हे साहेबांले सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

"तुमच्या सासूले?"

"त्या म्हणायच्या, पोरीला घे, पाज. म्हणून तर मी घेत नव्हते."

 सिस्टरनी हात पुढे केला. "घड्याळ काढा."

मी काढलं. त्यांनी ते एप्रनच्या खिशात टाकलं. "आता किती वाजले?"

"मला काय माहीत?"

"मग पोरीले विचारा."

मी विचारलं. तिने फार वेळ उत्तर दिलं. संपल्यावर ती तशीच तोंड उघडं टाकून झोपली. सिस्टर पाठ करून पट्ट्या गुंडाळत होत्या. जाताना म्हणाल्या, "घरी भिंतीवर घड्याळ असेल. आठवडाभर त्याले चावी देऊ नका. तुमचे साहेब कचेरीत उशिरा गेले तर जाऊ द्या."

चौथा बुधवार. काट्यावरचं वजन सिस्टरनी सरकवलं, आणखी सरकवलं. बारा पौंड, एक औंस. मी दोनदा विचारलं. मग दुपट्यात स्वतः हात घालून बघितलं. काही नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी पाचही विद्यार्थ्यांना हाक मारली. "हे बघा. तीन आठवडे वजन थांबलं होतं. टॉनिक सुरू केलं, आणि नऊ औंस!"

टॉनिकची बाटली घरी फळीवर होती. तिचं बूचही काढलेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. साहेबांच्या मागून सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, हेच चालू ठेवायचं ना?"

"अर्थात! मुळीच बंद करू नका."

"ऐकलं ना बाई?" सिस्टर म्हणाल्या. "मुळीच बंद करू नका."

साहेबांनी लाल खुणेवर रेघ मारली. विद्यार्थ्यांनी टॉनिकचं नाव वहीत उतरवून घेतलं.

बाहेर पडण्याआधी मी सिस्टरना गाठलं आणि ओशाळत म्हटलं, "माझं घड्याळ... लग्नातलं आहे, म्हणून."

सिस्टरनी टेबलाचा खण ओढला. आत कापसाच्या गुंडाळीशेजारी बायकांची सात-आठ घड्याळं होती. एक सोनेरी साखळीचं, दोन काळ्या पट्ट्याची, एक तर अजून टिकटिक करत होतं.

"यातलं तुमचं कोणतं?"