वाटेत वाढणारं वजन

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पाटणच्या पठारावर बॉक्साइट भरलेले ट्रक पलूसकडच्या कारखान्यात जायचे आणि मी कराडच्या ऑफिसात बसून स्क्रीनवर त्यांच्या जागेवर आणि वजनावर नजर ठेवायचो. त्यातल्या एकाचं वजन वाटेत चक्क वाढायचं आणि तो रोज एकाच ओढ्यापाशी थांबायचा. भाडं वजनावर मिळत असल्यानं मला चोर सापडला. आनंदाच्या भरात मी साहेबांना फोन केला, "ड्रायव्हर मालावर पाणी मारतोय," आणि डोळ्यांनी बघायला मोटारसायकलनं ओढ्यावर पोचलो. इतका हुरूप मला माझ्या लग्नातही नव्हता.

तो खरंच ट्रकवर चढून बादल्या ओतत होता. मधेच चिमूटभर माती तळहातावर घेऊन फुंकर मारायचा, उडाली की पुन्हा बादली.

"काय चाललंय रं?"

"धुरळा बसवतोय, सायेब. म्होरल्या गावात बायांनी कुरडया वाळत घातल्यात. लाल हुत्यात सगळ्या."

"तुझं गाव का ते?"

"न्हाई वो, मी कवठे महांकाळचा. आमच्यात प्याया पाणी न्हाई, असं वतलं तर आय झाडूनं हाणंल."

दोघंही हसलो. मी त्याच्या मागोमाग गावातून गेलो. दोन्ही बाजूंच्या बाजांवर कुरडया पांढऱ्याशुभ्र राहिल्या आणि मी वेड्यासारखा हॉर्न वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी तो ट्रक ओढ्यापाशी थांबला नाही. ड्रायव्हर बदलला होता. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

तो चोर नव्हता, एवढं साहेबांना सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.