लॅपटॉपच्या पोटात

ऐन पंचविशीत, स्वतःला फार शहाणी समजत असताना, मी ह्यांचा लग्नातला कोट बोहारणीला देऊन एक पातेलं घेतलं होतं. वर घासाघीस करून चमचाही मिळवला! जुनं देऊन नवं घ्यायची हौस तेव्हापासूनची.

परवा मात्र दुकानात माझा म्हातारा लॅपटॉप बदलायची वेळ आली, तेव्हा तो हातातून सुटेना. त्याच्यावरच मी मराठी टाइप करायला शिकले. कुठलं अक्षर कुठे, ते बोटांना पाठ. नात म्हणत होती, "आजी, सोड आता त्याला."

"आधी बघू तरी," म्हणत दुरुस्तीवाल्या बाईंनी मागचं झाकण उघडलं आणि मी तोंडावर हातच ठेवला. आत चिवडा होता! पोह्यांचे तुकडे, मोहरी, कढीपत्त्याचा चुरा, पंख्यात अडकलेली शेव. अगं बाई! इतकी वर्षं दुपारी चिवडा खात मी जगाला शहाणपण शिकवणारं लिहीत बसले आणि हा बिचारा धापा टाकत माझं खरकटं गिळत होता. माणसांनीही माझं काय काय असंच मुकाट पोटात घातलं असेल, या विचाराने मी हबकलेच.

नात वाकून बघत म्हणाली, "आजी, हाच दुरुस्त कर. नव्यालाही तू चिवडाच भरवशील."